मराठी मीम कसं घडवावं: साचा हेरण्यापासून फाइल जपण्यापर्यंत

लग्नात नाव घ्यायला लावलं की सहसा कुणी नवी कविता रचत बसत नाही. उखाण्याचा साचा तयार असतो, यमक ठरलेलं असतं, फक्त नावाची जागा मोकळी असते. ज्याने त्याने तिथे आपलं माणूस बसवायचं. मीम याच जातीचं. एखादं चित्र, आवाज किंवा वाक्य हा साचा, आणि त्यात दुसऱ्या कुणालाही भरता येईल अशी मोकळी जागा. ती जागा नसेल तर तुम्ही केलंय ते विनोदी चित्र. ते उत्तमही असेल, पण लोक बघतील, हसतील आणि पुढे सरकतील. मीम लोक उचलतात, मोडतोड करतात आणि परत सोडून देतात. म्हणून या लेखात रंगसंगती, ॲपची बटणं वगैरेंपेक्षा त्या मोकळ्या जागेबद्दल जास्त बोललंय. बटणं दर सहा महिन्यांनी बदलतात.

सामान फारसं लागत नाही. फोन, चित्रावर मजकूर टाकता येईल असं कुठलंही फुकट ॲप, दोन-तीन चांगले देवनागरी फॉन्ट आणि लोकांचं बोलणं ऐकायची सवय.

पायरी पहिली: करण्याआधी सोलून बघा

स्पेनमधल्या जिरोना शहरात २०१५ साली आंतोनियो गियेम या छायाचित्रकाराने एक फोटो काढला. मैत्रिणीबरोबर चाललेला तरुण मान वळवून शेजारून गेलेल्या दुसऱ्या मुलीकडे बघतोय आणि मैत्रीण अवाक होऊन त्याच्याकडे. जाहिरातवाल्यांनी विकत घ्यावा म्हणून काढलेला साधा फोटो. २०१७च्या ऑगस्टमध्ये लोकांनी त्या तिघांच्या अंगावर शब्द चिकटवायला सुरुवात केली आणि तो जगातल्या सर्वांत ओळखीच्या मीम्सपैकी एक होऊन बसला.

का, ते बघायचं तर सगळा मजकूर पुसा. उरतात तीन नजरा. कोण कुणाकडे ओढला जातोय आणि कोण मागे पडतंय हे एकही अक्षर न वाचता कळतं. चित्राने नातं आधीच सांगून टाकलंय. शब्दांनी फक्त नावं सांगायची. जागा तीन आहेत आणि तिन्ही कोऱ्या. विद्यार्थी, अभ्यास, मोबाइल घाला. मतदार, जुना पक्ष, नवा पक्ष घाला. हवं ते बसतं.

आता मराठीकडे या. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटातून जितकी मीम्स निघाली तितकी दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटातून निघाली असतील असं मला वाटत नाही. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य घ्या. त्याला चित्रही लागत नाही. नुसतं टाइप केलं तरी वाचणाऱ्याच्या कानात तो सूर वाजतो. इथे मोकळी जागा विचारणाऱ्याची आहे: दारात कोण उभं आहे? कर्जवसुलीवाला, पार्सलवाला, निकाल, सोमवार. विचारणारा बदलला की अर्थ बदलतो, वाक्याला हात लावावा लागत नाही.

सराव म्हणून तुमच्या फोनमधली मीम्स अशीच सोला. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: न बदलणारं काय, आणि बदलता येण्याजोगं काय. ज्यात दुसरी ओळ लिहिताच येत नाही ते बाजूला ठेवा. तो नुसता फॉरवर्ड आहे.

पायरी दुसरी: कान लावा

मराठी मीम डोळ्यापेक्षा कानाने जास्त चालतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे बोलीचं धन मोठं आहे, आणि एका वाक्यावरून माणूस सांगलीचा, मालवणचा की नागपूरचा हे कळतं. त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण २०२२च्या जूनमधलं.

शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला हॉटेलात जाऊन राहिले होते. इकडे मुंबईत सरकार राहतं की जातं अशी अवस्था. त्यात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं आपल्या एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर फुटलं. तिथलं वर्णन करताना ते म्हणाले, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’, आणि वर ‘एकदम ओक्के’ची मोहोर. बघता बघता त्याचे रील झाले, गाणी झाली, वरातीत डीजेवर वाजलं. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला तोवर हे वाक्य राजकारणाशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांच्या तोंडी रुळलं होतं.

सोलून बघा. ‘काय’ तीनदा येतं, दर वेळी पुढचा शब्द बदलतो आणि शेवटी निकाल लागतो. ओवीसारखी पटकन तोंडात बसणारी लय. झाडी, डोंगार, हाटील या तिन्ही जागा रिकाम्या करता येतात: ‘काय भाकर, काय ठेचा, काय कांदा.’ शिवाय मुळात नुसता आवाज असल्यामुळे चित्राची चौकट कोरीच होती. कुणी त्यावर सह्याद्रीतला ट्रेक लावला, कुणी लग्नाचा हॉल, कुणी ऑफिसचं कॅन्टीन. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं होतं तो विरोधाभास: राज्य हातातून निसटत असताना आमदार डोंगराची हिरवाई न्याहाळतोय.

लोक नेमकं कशाला हसले, हा प्रश्न मात्र सोडू नका, कारण मीम करणाऱ्याला सगळ्यात जास्त शिकवणारा प्रश्न हाच आहे. काही जण त्या विरोधाभासाला हसले. काही जण ‘डोंगार’ आणि ‘हाटील’ला हसले, म्हणजे माणदेशी बोलीला. पहिलं हसू राजकीय आहे आणि त्याला धार आहे. दुसरं स्वस्त आहे. शहरात बसून गावाकडच्या उच्चारांना हसणं ही जुनीच सवय. आणि तिसरीकडे, त्याच भागातल्या माणसांनी तेच वाक्य लाडाने उचललं, कारण इतक्या मोठ्या आवाजात आपली बोली त्यांना क्वचितच ऐकू आली होती. एकच साचा, तीन तऱ्हेची हसणी. तुमचं मीम कुठलं हसू मागतंय ते तुम्हाला आधी माहीत हवं.

(जाता जाता: २०२४च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्यात शहाजीबापू पडले आणि शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. गाजणं आणि निवडून येणं यांचा हिशेब वेगळा असतो. मीमने निवडणूक फिरते असं सांगणाऱ्या प्रचारवाल्यांचं बिल भरण्याआधी हे आठवावं.)

कान तयार करायचा तर फोनमध्ये एक टिपण उघडून ठेवा. एसटीत, भाजीवाल्याकडे, सोसायटीच्या सभेत ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा. वाक्य टिपा, माणूस टिपू नका: चोरून आवाज किंवा व्हिडिओ घेऊ नका. आणि बोली वापरणार असाल तर ती बोलणाऱ्याला एकदा दाखवा. पुण्यात बसून रचलेली वऱ्हाडी अकोल्याचा माणूस पहिल्या शब्दाला ओळखतो.

पायरी तिसरी: निशाणा

कुणावर हसायचं हे ठरवण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. मीममधला माणूस उचलायचा आणि तिथे त्याची खुर्ची, पद किंवा सवय ठेवायची. विनोद शिल्लक राहिला तर पुढे जा. नगरसेवकाच्या जागी ‘निवडणुकीआधीचं डांबरीकरण’ ठेवलं आणि तरी हसू आलं, तर निशाणा बरोबर आहे. पण जात, रंग, जाडी, बाईपण किंवा उच्चार काढल्यावर काहीच उरत नसेल, तर तिथे विनोद नव्हताच, फक्त चिमटा होता. या कसोटीवर व्हॉट्सॲपवरचे बायकोवरचे सगळे विनोद गळतात. गळू देत.

साध्या, अनोळखी माणसाच्या चेहऱ्याला हात लावू नका. २००२ साली कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या एका शाळकरी मुलाने काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःचा व्हिडिओ काढला होता, स्वतःपुरता. पुढच्या वर्षी वर्गातल्या मुलांनी तो इंटरनेटवर टाकला आणि जगाने त्याची थट्टा केली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा यूट्यूब जन्मालाही आलं नव्हतं. आज तसाच व्हिडिओ किती झपाट्याने पसरेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पायरी चौथी: मजकूर छाटा

इथे एक मीम पहिल्यापासून करून बघू. विषय: गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाडीचं आरक्षण. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी ही मुदत १२० दिवस होती. सकाळी आठला खिडकी उघडते, आणि पुढे काय होतं ते प्रत्येक चाकरमान्याला पाठ आहे.

पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो: ‘जेव्हा तुम्ही गणपतीला गावी जाण्यासाठी सकाळी आठ वाजता तिकीट काढायला बसता आणि एका मिनिटात वेटिंग लिस्ट लागते.’ हे वाचूनच दम लागतो. ‘जेव्हा तुम्ही’ने सुरू होणारं मीम निम्मं तिथेच मेलेलं असतं, असं कुणी बोलत नाही. शिवाय इथे सगळं सांगून टाकलंय, वाचणाऱ्याला काही करायलाच ठेवलेलं नाही.

दुसरा खर्डा. गोष्ट दोन क्षणांत तोडायची:

८:०० आरक्षण सुरू.
८:०१ वेटिंग.

बरंच हलकं झालं. पण यात माणूस नाही. ही बातमी झाली. तिसऱ्या खर्ड्यात बोलणारा आणायचा, आणि तो मालवणीतच बोलणार:

८:०० ‘खिडकीची सीट बघतंय.’
८:०१ ‘दारात उभो रवान येतंय, पण येतंय!’

आता रेल्वे, गणपती, आरक्षण, वेटिंग यातला एकही शब्द उरला नाही आणि तरी ज्याला कळायचं त्याला कळलं. चित्र म्हणून हातात पिशवी घेतलेला माणूस पुरे. भाद्रपदाच्या आसपास सोडलं तर तेही नको. काय छाटायचं याचा नियम असा: जे वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे ते काढा, आणि जे फक्त त्याच माणसाच्या तोंडून शोभेल ते ठेवा. ‘पण येतंय’ हे दोन शब्द काढून बघा. उरते तक्रार. ते आहेत म्हणून त्यात गावची ओढ आली.

आणि मोकळी जागा? ती दोन वेळांमध्ये आहे. ८:०० आणि ८:०१ हा साचा कुणीही उचलू शकतं. ‘१२:५९ या, बसा. १:०० शटर.’ पुण्याच्या दुकानाचं नाव सांगायची गरज पडत नाही. परीक्षा, डाएट, पगाराचा दिवस, सगळं त्यात मावतं. स्वतःच दोन-तीन वेगळे विषय भरून बघा. बसत नसतील तर साचा अजून तुमच्या एकाच विनोदाला चिकटलेला आहे.

पायरी पाचवी: अक्षरं

बहुतेक मराठी मीम्स इथे मार खातात, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबतो.

इंग्रजी मीमची ती जाडजूड पांढरी, काळ्या कडेची अक्षरं म्हणजे इम्पॅक्ट हा फॉन्ट. जेफ्री ली यांनी तो १९६५ साली केला, आणि पुढे मायक्रोसॉफ्टमुळे तो जवळजवळ प्रत्येक संगणकावर पोहोचला म्हणून मीमवाल्यांच्या हाती लागला. त्यात देवनागरी नाही. तुम्ही ॲपमध्ये इम्पॅक्ट निवडून मराठी लिहिलं तर फोन गुपचूप आपला नेहमीचा फॉन्ट लावतो, आणि तो बारीक दिसतो. तेव्हा फॉन्ट हाताने निवडा. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात आणि जाड वजनात मीमला छान शोभतात. त्यांचाच ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की एका शब्दासाठीच वापरावा. दोन ओळी लिहिल्या की वाचता येत नाही.

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ओरडायचं कसं हा प्रश्न पडतो. उत्तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे: वजन वाढवा, किंवा स्वर ताणा. ‘अरेऽऽऽ’ मधल्या त्या अवग्रहाइतकं मोठ्याने कॅपिटल अक्षरही ओरडत नाही.

अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा. इंग्रजीच्या सवयीने ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, अक्षराच्या उंचीच्या सुमारे दीडपट. वरून वेलांटी, रफार, अनुस्वार येतात आणि खालून उकार, आणि घट्ट ओळींत ते एकमेकांत घुसतात. काळी कड लावताना ती अक्षराच्या बाहेर किंवा मागे लागते का ते बघा. आतून लागली तर ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांची पोटं भरून जातात. काही ॲप प्रत्येक खुणेला वेगळी कड लावतात, मग शिरोरेषेवर मध्येमध्ये काळे सांधे दिसतात. तसं झालं तर कड सोडून द्या आणि मजकुरामागे सपाट पट्टी ठेवा. दिसायलाही तेच जास्त मराठी वाटतं.

‘ल’ आणि ‘श’ तपासा. अनेक फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तरी ॲपला भाषा मराठी आहे हे कळलं तरच ती दिसतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ लिहिताना नुक्त्याचा ‘ऱ’ वापरा, नाहीतर डोक्यावर रफार चढून बसतो. शुद्धलेखनाची पोलिसगिरी मला करायची नाही. बोलीत लिहिताय तर बोलीतच लिहा, ‘हाय’चं ‘आहे’ करू नका. पण नकळत झालेली चूक नेमक्या हसवणाऱ्या शब्दातच निघाली की सगळं हसू त्या चुकीकडे वळतं, आणि प्रतिसादांत व्याकरणाचा वर्ग भरतो.

आकाराचं थोडक्यात. इन्स्टाग्रामसाठी १०८० रुंद, १०८० किंवा १३५० उंच पिक्सेल. व्हॉट्सॲपचं स्टिकर ५१२ बाय ५१२, वेबपी फाइल, न हलणारं असेल तर १०० केबीच्या आत. मजकूर कडांपासून आत ठेवा, कारण पुढे कुणीतरी स्क्रीनशॉट काढणार आणि तो वेडावाकडा कापणार. दर वेळी फाइल लहान करायला ॲप चित्र पुन्हा दाबतं आणि ते थोडं मातट होतं. काही लोक तो मळकटपणा मुद्दाम आणतात. तोही एक सौंदर्यविचार आहे आणि मला आवडतो, पण देवनागरीच्या बारीक खुणा त्यात आधी मरतात. शेवटची तपासणी म्हणून चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. वाचता आलं तर ठीक.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, चित्र काढून घेत असाल तर त्यातला मराठी मजकूर स्वतः टाका. यंत्र बऱ्याचदा देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी रंगवून देतं.

पायरी सहावी: चित्र कुणाचं?

चित्रपटातलं दृश्य, वृत्तपत्रातला फोटो, जाहिरात, यातलं काहीच तुमचं नसतं. भारतातल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये वैयक्तिक वापर, टीका किंवा समीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांना सूट आहे. विडंबन हा शब्द त्यात वेगळा नाही. विनोद म्हणून केलेल्या, पैसे न कमावणाऱ्या मीमकडे निर्माते सहसा काणाडोळा करतात, पण तो त्यांचा मोठेपणा. तुमचा हक्क समजू नका.

पैसा किंवा प्रचार आला की मामला बदलतो. मुठीत वाळू धरून जिंकल्यासारखा चेहरा केलेलं छोटं मूल तुम्ही पाहिलं असेल. तो फोटो त्याच्या आईने, लेनी ग्रायनर यांनी, २००७ साली काढला. लोक वर्षानुवर्षं तो वापरत राहिले. २०२० साली अमेरिकेतले खासदार स्टीव्ह किंग यांच्या प्रचार समितीने निधी गोळा करण्यासाठी तो वापरला तेव्हा त्या कोर्टात गेल्या. २०२२मध्ये ज्यूरीने समितीला दोषी धरलं. भरपाई फक्त ७५० डॉलर, पण मुद्दा सिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका इंटरनेट कंपनीने मान वळवणाऱ्या त्या तरुणाचं मीम नोकरभरतीच्या जाहिरातीत वापरलं, आणि २०१८ साली तिथल्या जाहिरात लोकपालाने ती जाहिरात स्त्रियांना हिणवणारी ठरवली. जो विनोद मित्रांत चालला तो कंपनीच्या नावावर गेला की त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. दुकानासाठी, कोचिंग क्लाससाठी किंवा पक्षासाठी मीम करत असाल तर फोटो स्वतः काढा. खरंच. शेजारच्या काकांना विचारून त्यांचा फोटो काढा.

नटांचे चेहरे आणि आवाज हा आणखी एक पेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये अनिल कपूर यांचं नाव, आवाज, प्रतिमा आणि ‘झकास’ हा त्यांचा उद्गार यांना संरक्षण दिलं. मे २०२४मध्ये जॅकी श्रॉफ यांना, त्यात ‘भिडू’ही आलं. मुंबईच्या बोलीतले दोन शब्द कोर्टाच्या कागदावर असे पोहोचले. पण त्याच श्रॉफ प्रकरणात, त्यांच्या मुलाखतींचे तुकडे जोडून ‘ठग लाइफ’ थाटाचा व्हिडिओ करणाऱ्या यूट्यूबरवर तातडीची बंदी घालायला कोर्टाने नकार दिला. अशी विनोदी निर्मिती हाही अभिव्यक्तीचा प्रकार आहे हे लक्षात घेतलं गेलं. टी-शर्ट विकू नका, विनोद करा, असा मी त्याचा अर्थ लावतो. वकील वेगळा लावतील.

पायरी सातवी: सोडण्याआधी

नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेमुळे श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं. म्हणून सगळं मोकळं झालं असं नाही. २०१९च्या मेमध्ये ममता बॅनर्जी यांचं बदललेलं चित्र पुढे पाठवल्याबद्दल पश्चिम बंगालमध्ये भाजपच्या एका कार्यकर्तीला अटक झाली आणि सुटकेसाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ बदनामीचं, १९६ गटागटांत तेढ वाढवण्याचं, २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं आहे. हे पाठ करायची गरज नाही. विषय यांपैकी कशाच्या जवळ जातोय हे कळलं की हात आपोआप सावध होतो. सावध म्हणजे गप्प नव्हे. सत्तेवर हसणारं मीम थांबवू नका, त्यातला पुरावा घट्ट करा.

पुरावा म्हणजे काय? नेत्याच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्य घालत असाल तर ते त्याने म्हटलेलं असलं पाहिजे. कल्पनेतलं असेल तर इतकं अचाट करा की कुणी खरं मानणार नाही. मधलं, पटण्यासारखं खोटं हे सगळ्यात वाईट. चित्र गूगल लेन्स किंवा टिनआयवर टाकून मूळ कुठलं ते बघा. जुन्या पुराचा फोटो यंदाच्या पावसावर लावला की तुम्ही विनोद केला नाहीत, अफवा सोडलीत. अफवेचं काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ज्या वाटेने तो मजकूर गेला त्याच वाटेने तुमचं मीम जातं, आणि पोहोचल्यावर त्यासोबत तुमचा हेतू जात नाही.

खऱ्या माणसाचा चेहरा यंत्राने बनवलेला असेल तर चित्रावरच तसं लिहा, खालच्या ओळीत नाही. खालची ओळ पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळते.

पायरी आठवी: सोडल्यावर

सही कोपऱ्यात, बारीक, चेहऱ्यापासून दूर. मोठा वॉटरमार्क लोक कापतात, किंवा ते मीम उचलतच नाहीत. कुणी विचारलं ‘कळलं नाही’ तर समजावत बसू नका. ज्याला कळलंय तो समजावेल, आणि कुणालाच कळलं नसेल तर पुढच्या वेळी बघू.

खरी गंमत आणि खरी धास्ती इथे सुरू होते, कारण मोकळी जागा आता तुमची राहत नाही. मॅट फ्युरी यांनी २००५ साली एका चित्रकथेत पेपे नावाचा आळशी, गोड बेडूक काढला. तो इंटरनेटवर पसरला, आणि २०१६पर्यंत अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्यांनी त्याला असं वापरलं की द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत त्याची नोंद झाली. फ्युरी कोर्टात गेले. इन्फोवॉर्स या साइटने त्याचं पोस्टर विकलं होतं, तिच्याकडून २०१९मध्ये १५,००० डॉलर वसूल झाले. त्याच वर्षी हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी उतरलेली तरुण पोरं तोच बेडूक आशेचं चिन्ह म्हणून भिंतींवर काढत होती. चित्र एकच. काढणाऱ्याला कुणी विचारलं नाही, ना बदनाम करताना, ना डोक्यावर घेताना.

आपल्याकडे ‘मी पुन्हा येईन’चं तसंच झालं. देवेंद्र फडणवीस यांचं २०१९मधलं हे वाक्य, त्यांचं सरकार टिकलं नाही तेव्हा विरोधकांनी टोमणा म्हणून वर्षानुवर्षं वापरलं. ५ डिसेंबर २०२४ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि तेच वाक्य समर्थकांनी आरोळी म्हणून परत घेतलं. राजकीय मीम करताना हे गृहीत धरा की साचा दोन्ही बाजूंना चालतो.

तुमचं मीम कुणी तुम्हाला न पटणाऱ्या कामाला जुंपलं तर भांडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, तारखेसह. मग त्याच साच्यात तुमची नवी आवृत्ती सोडा. खुलाशापेक्षा ती लवकर पसरते. साधा माणूस दुखावला गेला असेल तर मात्र वाद न घालता काढून टाका, आणि जिथे जिथे टाकलं होतं तिथे तसं सांगा.

पायरी नववी: जपून ठेवा

अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस मीम्सची नोंद ठेवणाऱ्या साइट्स आपल्या वेब संग्रहात जपते. मराठी मीम्स बहुतेक व्हॉट्सॲप गटांत जन्मतात आणि फोन भरला की ‘सिलेक्ट ऑल’मध्ये जातात. तुमचं तरी ठेवा. मजकूर वेगळा बदलता येईल अशी मूळ फाइल, शिवाय एक पीएनजी प्रत. फाइलच्या नावात वर्ष आणि महिना आधी: ‘२०२५-०८-कोकणगाडी-मूळ’. सोबत चार ओळींचं टिपण: कुठल्या घटनेवर, कुठली बोली, साचा कुठून घेतला, पहिल्यांदा कुठे टाकलं. लोकांनी केलेल्या आवृत्त्या त्याच फोल्डरमध्ये टाकत जा, त्यांची नावं आणि फोन नंबर खोडून. आणि कुणाला व्हॉट्सॲपवर मूळ फाइल द्यायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली न जाता जशीच्या तशी पोहोचते.